धुपदाळ, भूतरामहट्टी, दांडेली: विशेष मुलांना जंगलात नेताना

डिसेंबर आला की बेळगाव-खानापूर भागातल्या शाळांच्या सहली निघतात, आणि यादी करताना काही नावं हळूच गळतात. चालता न येणारा, एका जागी न बसणारा, फिट येणारी, बोलता न येणारी. समग्र शिक्षाचे बीआयईआरटी (विशेष मुलांसाठी तालुक्याला नेमलेले) शिक्षक ज्यांना घरी जाऊन शिकवतात, ती मुलं तर यादीत धरलेलीच नसतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: 'जंगलात कोण सांभाळणार?' वास्तविक झाडं, माती, पाखरं यांचा या मुलांना फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो दोन तासांच्या बसचा, गेटवर ताटकळण्याचा, कुलूपबंद शौचालयाचा आणि एकाच वेळी चौघांनी दिलेल्या सूचनांचा. म्हणून या लेखात प्राण्यांपेक्षा शौचालयाच्या किल्लीबद्दल जास्त लिहिलं आहे.

कुठे जायचं

पहिल्यांदाच नेणार असाल तर सरळ भूतरामहट्टी. तिथलं राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय म्हणजे अभयारण्य नव्हे, हे मान्य. पण शहरापासून हायवेनं अर्ध्या-पाऊण तासावर आहे, कुंपण आहे, वाटा आखलेल्या आहेत, आणि मूल किती वेळ चालतं, कशाला घाबरतं, गर्दीत काय करतं याची रंगीत तालीम तिथे होते. रविवार टाळा. सुट्टीचा वार कुठला ते आधी फोन करून विचारा; दारात जाऊन परत फिरणं मोठ्यांना चालतं, पण 'आज वाघ' असं आठवडाभर ऐकलेल्या मुलाला ते समजावता येत नाही.

दुसरी पायरी धुपदाळ. गोकाक तालुक्यातलं घटप्रभा पक्षी अभयारण्य 1974 सालचं, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं, धुपदाळच्या बंधाऱ्यामागे साठलेल्या पाण्याभोवती पसरलेलं. हिवाळ्यात इथे क्रौंच उतरतात, चित्रबलाक आणि चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी) दिसतात. उघड्या जागेवरचे मोठे पक्षी असल्यामुळे 'तिकडे बघ, त्या फांदीच्या डाव्या बाजूला' असली कसरत करावी लागत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. मार्चपासून गोकाकचं ऊन मुलांना सोसत नाही. बेळगाव-मिरज मार्गावरचं घटप्रभा स्टेशन जवळ आहे. आगगाडीचं वेड असलेल्या मुलासाठी रेल्वेनं जाणं हीच निम्मी सहल. व्हीलचेअर असेल तर मात्र गाडी थांबते तेवढ्या वेळात चढउतार होत नाही, तेव्हा टेम्पो ट्रॅव्हलर बरा.

जाता जाता गोकाकचा धबधबाही उरकू, असं कुणीतरी हमखास सुचवतं. उरकू नका. पाणी भरून असताना 52 मीटरवरून पडणाऱ्या धारेचा आवाज कानाला न सोसणाऱ्या मुलाचा पुढचा सगळा दिवस खातो, आणि श्रवणयंत्र लावलेल्या मुलाला तिथे दुसरं काहीच ऐकू येत नाही.

दांडेली तिसऱ्या फेरीला. काळी व्याघ्र प्रकल्पाची जीप सफारी आमच्या मते या मुलांसाठी सगळ्यात कमी उपयोगाची गोष्ट आहे: पहाटेचा थंड वारा, धक्के, तासभर गप्प बसा, आणि शेवटी दिसलं काय तर झुडपं. त्यापेक्षा दांडेलीच्या लाकूड डेपोच्या परिसरात सकाळी लवकर धनेश बघावेत. मलबारी कवड्या धनेश मोठा, काळापांढरा, पिवळ्या चोचीचा, म्हणजे अधू नजरेच्या मुलालाही पकडता येईल असा. डोक्यावरून गेला की पंखांचा सुसाटा ऐकू येतो, तेव्हा न दिसणाऱ्या मुलालाही तो 'भेटतो'.

डाऊन सिंड्रोमच्या मुलांना जीपमध्ये बसवण्याआधी डॉक्टरांना मानेबद्दल विचारा. काहींचे मानेचे वरचे दोन मणके सैल असतात आणि खड्ड्यातला एक जोराचा हिसका धोक्याचा ठरू शकतो. ही गोष्ट शाळेत फारशी कुणाला माहीत नसते.

भीमगड सर्वांत शेवटी. खानापूर तालुक्यातलं हे अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, 190 चौरस किलोमीटरचं दाट रान आहे आणि म्हादईचा उगम याच पट्ट्यात. जांबोटी, कणकुंबी, हेम्माडगाच्या बाजूला मोबाईलची रेंज भरवशाची नाही. पावसाळ्यात जळवा आणि निसरडं. बारापेडे गुहेतली दुर्मीळ वटवाघळं प्रसिद्ध आहेत, पण ती जागा सहलीची नव्हे, कुणाच्याच. चालू शकणारी चार-पाच मोठी मुलं आणि तितकीच माणसं असतील तरच इकडे यावं, तेही हिवाळ्यात.

पत्र आणि किल्ली

अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते. 1972 च्या वन्यजीव कायद्याचं 28 वं कलम त्यासाठीच आहे. पत्र आरएफओच्या (परिक्षेत्र वनाधिकाऱ्याच्या) नावे, निदान पंधरा दिवस आधी, आणि कन्नडमध्ये. मराठी पत्र घेत नाहीत असं नाही, पण ते टेबलावर भाषांतराची वाट बघत पडतं. शाळेतल्या कन्नड शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं की दहा मिनिटांचं काम. पत्रात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा धाक घालण्यापेक्षा तीन साध्या गोष्टी मागा: गाडी गेटच्या आत शक्य तितकी पुढे नेऊ द्या, त्या दिवशी सकाळी शौचालय उघडं ठेवा, आणि एक वनरक्षक सोबत द्या. धाक घातला की परवानगी मिळते, मदत मिळत नाही.

त्याआधी दोघांनी जाऊन जागा बघून यायची. शौचालय आहे की नाही एवढंच बघून भागत नाही: किल्ली कुणाकडे असते, नळाला पाणी येतं का, दाराला आतून कडी आहे का, व्हीलचेअर दारातून आत जाते का. बहुतेक ठिकाणी भारतीय बैठकच असते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला तिथे बसता येत नाही. मधे भोक असलेली घडीची कमोड खुर्ची मेडिकल दुकानात मिळते, ती गाडीत टाका. मोठ्या मुलीचं पॅड किंवा डायपर बदलायला दोन जुन्या चादरी, दहा मीटर दोरी, चार चिमटे आणि एक चटई: दोन झाडांमधे आडोसा तयार होतो. वापरलेलं सगळं पिशवीत बांधून परत आणायचं.

त्याच फेरीत मोबाईलवर फोटो काढायचे. बस थांबेल ती जागा, गेट, शौचालयाचं दार, बसायचा कट्टा, पाणी, परतीची बस. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी यातूनच चित्रपट्टी करायची: पुठ्ठ्यावर सहा फोटो, मागे वेलक्रो, एक गोष्ट संपली की मुलानं स्वतः तो फोटो काढून पिशवीत टाकायचा. शेवटचा फोटो घराचा. नेटवरची चित्रं घेऊ नका. चित्रातलं निळं गेट आणि खरं हिरवं गेट जुळलं नाही की तिथेच गाडी अडते. आणि वाघाचं चित्र पट्टीवर अजिबात नको. पट्टीवर जे आहे ते दिसलंच पाहिजे, नाहीतर मूल वाघ येईपर्यंत तिथून हलणार नाही, आणि नियमानं बघितलं तर त्याचंच बरोबर आहे. ही पट्टी घरी आठवडाभर रोज एकदा दाखवायची.

किती मुलं, किती माणसं

एका खेपेला आठ, फार तर दहा मुलं. जे मूल हात सोडून पळतं त्याच्यामागे एक माणूस, आणि त्या माणसाकडे दुसरं कुठलंही काम नाही: फोटो नाही, डबे वाटणं नाही. बाकीच्यांत दर दोन मुलांमागे एक. ड्रायव्हर यात धरू नका.

धुपदाळला खरा धोका पाण्याचा. स्वमग्न मुलांतली बरीच पाण्याकडे ओढली जातात, हाक मारली तरी वळत नाहीत, आणि काठाचा चिखल वरून घट्ट दिसतो. तेव्हा बसायची जागा काठापासून निदान तीस-चाळीस पावलं मागे, मधे एक माणूस पाण्याकडे पाठ करून मुलांकडे तोंड करून उभा. तास झाला की त्याची पाळी बदला. काठावर जायचंच असेल तर एका वेळी एकच मूल, हात धरून. घाम आला की हातातला हात सुटतो, म्हणून मनगट धरा.

कपडे एकाच भडक रंगाचे, केशरी किंवा पिवळे. पक्षी बघणारे जाणकार नाक मुरडतील, पण पक्षी पन्नास फूट लांब उडाला तरी चालेल, मूल झाडीत दिसलं पाहिजे. काळा रंग मात्र टाळा आणि त्या दिवशी अत्तर, सुवासिक तेल, गजरा काही नको. आग्या मोहोळ जवळ असेल तर दोन्ही महागात पडतात. मोहोळ उठलं तर हातवारे न करता तोंड झाकून गाडीत, काचा वर.

प्रत्येक मुलाच्या खिशात एक चिठ्ठी, मराठीत आणि कन्नडमध्ये, पालकांच्या आणि सरांच्या नंबरासह. छातीवर नाव लावू नका. नावानं हाक मारणाऱ्या कुठल्याही अनोळखी माणसाबरोबर मूल जाऊ शकतं. वनरक्षक, भेळवाला, ड्रायव्हर यांना पोचल्याबरोबर एकदा सांगून ठेवायचं: 'ई हुडुगग मात बरंगिल्ला, कंडरे ई नंबरिग फोन माडरी.' या मुलाला बोलता येत नाही, दिसला तर या नंबरावर फोन करा. एवढ्या दोन वाक्यांनी अख्ख्या गेटचे डोळे तुमच्या बाजूला येतात.

गाडीत, आणि फिट

फिट येणाऱ्या मुलाची सकाळची गोळी चुकवून निघायचं नाही, 'पोचल्यावर देऊ' हेही नाही. टोपिरामेट किंवा झोनिसामाइड चालू असेल तर त्या औषधांनी घाम कमी येतो, अंग तापतं. अशा मुलाला सावलीत ठेवा, दर अर्ध्या तासानं पाणी द्या आणि ओला पंचा मानेवर. काही मुलांना लुकलुकणाऱ्या उजेडानं फिट येते. खानापूरच्या पुढे दोन्ही बाजूंना झाडं असलेल्या रस्त्यावर सकाळचं तिरपं ऊन गाडीत नेमकं तसंच लुकलुकतं. अशा मुलाला उन्हाच्या उलट बाजूला, खिडकीपासून आत बसवा, टोपी द्या. त्रास वाटू लागला तर एक डोळा तळहातानं पूर्ण झाका; नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतूनही उजेड लुकलुकतोच.

फिट आलीच तर आधी घड्याळ बघा. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, गळ्याचं बटण सैल. तोंडात चमचा नाही, पाणी नाही. कांदा आणि चप्पल हुंगवायला कुणीतरी पुढे येतंच, त्याला प्रेमानं पण ठामपणे बाजूला करा. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकात मारायचा मिडॅझोलाम फवारा, आणि लगेच दवाखाना. 108 ला फोन करायचाच, पण जंगलात रुग्णवाहिका पोचायला वेळ लागतो, म्हणून तुमची गाडी पहिल्यापासून तोंड बाहेरच्या दिशेला करून उभी हवी आणि ड्रायव्हर झोपायला लांब गेलेला नको. धुपदाळहून घटप्रभेचं कर्नाटक हेल्थ इन्स्टिट्यूट जवळ आहे. भीमगडहून खानापूर गाठावं लागतं. ज्यांची निरामय ही दिव्यांगांसाठीची विमा योजना आहे त्यांनी पावत्या जपाव्यात, खर्च आधी करून मग मागावा लागतो.

चंचल मुलांना दिली जाणारी मिथाइलफेनिडेटची साधी गोळी चारेक तास चालते आणि भूक मारते. आधी पोटभर नाश्ता, मग गोळी. आणि गोळीची वेळ गाडीत वाया जाणार नाही अशी. डब्याबद्दल फार लिहायला नको: घरचा, रोजचा, त्याच डब्यात. चिरमुरे, दशम्या, केळी. कुरकुऱ्यांची चमकती पाकिटं माकडं लांबून ओळखतात.

व्हीलचेअर, स्प्लिंट, कानातली यंत्रं

दिव्यांगांना साधनं देणाऱ्या सरकारी एडीआयपी योजनेतून मिळणारी खुर्ची टिकाऊ असते पण जड, आणि पुढची चाकं लहान. खानापूरकडच्या जांभ्याच्या खडीत ती चाकं रुततात आणि मूल पुढे फेकलं जातं. खडी आली की खुर्ची मागे कलती करून मोठ्या चाकांवर ढकला. चढ असेल तर एकजण मागून ढकलेल, दुसरा पुढच्या चौकटीला बांधलेली दोरी ओढेल. उतारावर खुर्ची उलटी करून, मुलाची पाठ उताराकडे ठेवून उतरवा. पट्टा लावलेलाच हवा. हवेची चाकं असतील तर बाभळीच्या काट्याची तयारी म्हणून पंप आणि एक ट्यूब. पायाच्या स्प्लिंटखाली (पाय सरळ धरणाऱ्या आधाराखाली) लांब सुती मोजा, आणि दीड-दोन तासांनी स्प्लिंट काढून कातडी बघा: लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही तर त्या दिवशी स्प्लिंट पुन्हा घालू नका.

श्रवणयंत्राला वारा आणि दमट हवा दोन्ही नडतात. जादा बॅटऱ्या, सिलिका जेलची डबी, आणि बोलणाऱ्यानं उन्हाकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे ओठ दिसतात. सूर्याकडे पाठ करून माहिती सांगणारा गाईड ही नेहमीची चूक. त्याला खांद्याला धरून वळवा.

दीड तासात करायचं काय

प्रत्यक्ष रानात दीड तास पुष्कळ झाला. दुर्बीण बहुतेकांना जमत नाही: दोन्ही डोळे जुळवा, फिरवा, त्यात पक्षी शोधा, हे तीन वेगळे व्यायाम आहेत. स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण) तिकाटण्यावर लावून त्याला मोबाईल जोडला की क्रौंच पडद्यावर हाताएवढा दिसतो. तेही नसेल तर कागदी रिळाची पुठ्ठ्याची नळी द्या. ती काही मोठं करत नाही, पण बाकीचं सगळं झाकते, आणि ज्याची नजर भिरभिरते त्याला तेवढंच हवं असतं.

एका फेरीत चारच गोष्टी. ऐनाची साल: मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, तिच्यावर दोन्ही तळहात ठेवायचे. उक्षीची पंखवाली फळं उडवायची. निर्गुडीचं किंवा गवती चहाचं पान चुरगाळून वास. आणि तांबटाचं टुक-टुक: मुलाच्या पाठीवर बोटानं तोच ठेका धरा, ऐकू न येणाऱ्यालाही कळतो. नावं पाठ करून घेऊ नका.

हात आणि तोंड यांवर लक्ष हवं. जे मूल दिसेल ते तोंडात घालतं त्याच्यासाठी मोगली एरंडाच्या बिया, गुंजा, धोत्रा आणि कण्हेर या चार गोष्टी त्याच्याबरोबरच्या माणसानं ओळखायलाच हव्यात. मोगली एरंड तर कुंपणाकुंपणाला असतो.

दुसरी गोष्ट खाजकुयली. डिसेंबर-जानेवारीत शेंगा वाळतात आणि तिचे सोनेरी केस वाऱ्यावर उडून अंगावर बसतात. बोलता न येणारं मूल अचानक किंचाळायला, स्वतःला ओरबाडायला लागलं की सगळे 'झालं सुरू याचं' म्हणतात. तसं समजण्याआधी अंग बघा: मान, मनगट, कमरेची पट्टी. खाजकुयली असेल तर चोळू नका. चिकटपट्टी लावून केस उपटा, मग पाण्यानं धुवा, कपडे बदला. मुंगी, बुटातला खडा, घट्ट झालेला स्प्लिंट, दाबून धरलेली लघवी हीही कारणं त्याच यादीत. यातलं काहीच नसेल आणि खरोखर सहन होण्यापलीकडे गेलं असेल तर बाकीच्या मुलांना पुढे न्या, एकच ओळखीचा माणूस जवळ राहू द्या, बोलणं बंद, हात धरून ओढणं बंद. गाडीतली मागची सीट आधीपासून रिकामी ठेवा, त्याचीच चादर घालून. सावरायला अर्धा तास लागू शकतो. त्या अर्ध्या तासात बिस्कीट, मोबाईल, समजावणी काही देऊ नका, पाणी जवळ ठेवून गप्प बसा.

परतल्यावर

संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गोचीड शोधायचे: काखेत, जांघेत, कानामागे, केसांत. 1957 मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात सापडलेला माकडताप याच गोचिडांतून पसरतो, आणि त्याचा हंगाम म्हणजे साधारण डिसेंबर ते मे, नेमका आपल्या सहलींचा. निघतानाच पँट मोज्यात खोचा आणि कीटक दूर ठेवणारं मलम कपड्यांना-मोज्यांना लावा. तळहाताला नको, तो तोंडात जातो. मेलेलं माकड दिसलं तर तिथून सगळ्यांना मागे फिरवून वनरक्षकाला कळवा. चिकटलेला गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचा. रॉकेल, काडी, नखानं चिरडणं यातलं काही नाही. पुढच्या आठवडा-दहा दिवसांत अचानक जोराचा ताप आला, डोकं-अंग दुखायला लागलं तर डॉक्टरांना मूल जंगलात जाऊन आलं आहे हे सांगा. ज्याला दुखतंय हे सांगता येत नाही, ते मूल नुसतं डोकं धरून बसेल किंवा जेवण सोडेल. त्याचा ताप रोज दोन वेळा थर्मामीटर लावूनच बघावा लागतो.